साठ वर्षांची अट : ख्रिस्तसभेच्या वृद्धसेवेचा एक मागोवा

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय आपण धर्मगुरुमंडळी सहसा घाईने वाचून पुढे जातो. त्यातील नववे वचन तर एखाद्या कचेरीच्या नियमावलीतून उचलल्यासारखे कोरडे भासते. ज्या विधवेचे नाव यादीत घालावयाचे तिचे वय साठाच्या आत नसावे, अशी त्याची सूचना. तथापि ख्रिस्तसभेने वृद्ध माणसांसाठी हेतुपुरस्सर आखलेल्या व्यवस्थेचा अगदी प्रारंभीचा लेखी पुरावा म्हणून या कोरड्या वचनाकडे पाहिले पाहिजे. ‘यादीत घालणे’ या अर्थी येथे जे ग्रीक क्रियापद योजिले आहे, तेच त्या काळी सैन्यात शिपायाचे नाव दाखल करण्यासाठीही वापरीत. मग ही यादी केवळ मदतवाटपाची होती, की तीत नाव असलेल्या म्हातारीकडे काही काम सोपविलेले असे? या प्रश्नाचे उत्तर शतकाशतकांत कसे बदलत गेले, ते येथे पाहावयाचे आहे.

विषय केवळ पंडिती नव्हे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीची व साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेआठ टक्क्यांहून थोडी अधिक होती. बेळगाव-खानापूरकडील आपल्या गावांत काय, किंवा वडोदरा-इंदूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत काय, मुले पुण्या-मुंबईस किंवा आखातात आणि घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र घरोघर फिरणाऱ्या धर्मशिक्षकाला नवे नाही. धर्मग्राम मंडळाच्या सभेत वृद्धांचा विषय निघाला, की चर्चा पहिल्या दहा मिनिटांतच जागा, बांधकाम आणि देणगीदार यांवर येऊन ठेपते. वृद्धसेवा म्हणजे वृद्धाश्रम, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे. ख्रिस्तसभेत मात्र इमारत पुष्कळ उशिरा आली. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे तिचे काम यादीवर चालले होते.

या व्यवस्थेची सुरुवात एका तक्रारीतून झाली. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधील ग्रीक भाषिक बांधव हिब्रू भाषिकांविरुद्ध कुरकूर करतात, ती त्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते म्हणून. परदेशात आयुष्य घालविलेली अनेक यहुदी कुटुंबे उतारवयात पवित्र नगरीत देह ठेवावा या इच्छेने तेथे येऊन राहात. अशा घरातील पुरुष निवर्तला की मागे राहिलेल्या बाईला त्या शहरात ना माहेर ना सासर, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे. दुर्लक्ष कोणी द्वेषाने केले, असे लूक म्हणत नाही. वाटप करणाऱ्यांची भाषा एक आणि रांगेत मागे उभ्या राहिलेल्या म्हातारीची भाषा दुसरी, एवढे कारण पुरेसे झाले असावे. प्रेषितांनी त्यावर निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती त्यांनी वाटप सोपविले. आपण सीमाभागातील माणसांनी हा तपशील नजरेआड करू नये. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तीमथ्याच्या पत्राच्या काळापर्यंत ही व्यवस्था बरीच स्थिरावलेली दिसते. पत्राचा लेखक प्रथम कुटुंबाला जबाबदार धरतो. जिला मुले-नातवंडे आहेत, तिचे ऋण त्यांनी फेडावे. तो भार ख्रिस्तसभेवर टाकू नये. आपल्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याविषयी तो जे कठोर शब्द वापरतो, तसे त्याने अविश्वासी माणसाविषयीही वापरलेले नाहीत. त्यानंतर यादीच्या अटी येतात : वय साठ, एकाच पतीशी निष्ठा, मुलांचे संगोपन, पाहुण्यांचे आदरातिथ्य, पवित्र जनांचे पाय धुणे, संकटात सापडलेल्यांना साहाय्य. केवळ पोटापाण्याची मदत द्यावयाची असती, तर एवढे चारित्र्यपत्रक मागण्याचे काही कारण नव्हते. भुकेल्या म्हातारीला तिने पूर्वी किती पाहुणे जेवू घातले, असे कोणी विचारीत नाही. यादीतील विधवांचे रात्रंदिवस प्रार्थनेत राहणे हे मंडळीने मान्य केलेले काम होते, असा अर्थ लावणाऱ्या भाष्यकारांशी मी सहमत आहे. तीताच्या पत्रात तर वृद्ध स्त्रियांना तरुण स्त्रियांच्या शिक्षिका म्हणून नेमलेच आहे. लूकच्या शुभवर्तमानातील हन्ना, मंदिर न सोडणारी आणि बालक येशूला पाहताच त्याच्याविषयी सर्वांना सांगत सुटणारी वृद्ध विधवा, ही या यादीची मूळ प्रतिमा म्हणता येईल.

वृद्ध पुरुषांची अशी यादी आढळत नाही. त्याचे एक कारण भाषेतच दडले आहे. त्याच पाचव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात वृद्ध मनुष्याला दटावू नको असे सांगताना जो शब्द येतो, तोच सतराव्या वचनात मंडळीच्या अधिकाऱ्यासाठी येतो. धर्मगुरू या आपल्या पदाचे मूळ नावच ‘म्हातारा’ असे आहे. वयाच्या पंचविशीत-तिशीत ते नाव धारण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी अधूनमधून ही गोष्ट स्मरावी.

दुसऱ्या शतकात या विधवांचा उल्लेख वारंवार येतो. अंत्युखियाचा इग्नाती मरणाच्या वाटेवर असताना स्मुर्णाच्या पॉलिकार्पला त्यांची हेळसांड होऊ देऊ नये असे बजावतो. पॉलिकार्प स्वतः फिलिप्पैकरांना लिहिताना त्यांना देवाची वेदी म्हणतो. हे रूपक दुहेरी आहे. भाविकांनी वेदीवर आणलेले दान त्यांच्यावर ठेवले जाते, आणि त्याच वेदीवरून प्रार्थना वर चढते. घेणे आणि देणे या दोन्ही गोष्टी त्याने एकाच शब्दात बसविल्या. याच पॉलिकार्पला पुढे रोमी अधिकाऱ्याने, निदान आपल्या म्हातारपणाची तरी लाज राख आणि ख्रिस्ताला नाकार, असे विनविले. तेव्हा आपण शहाऐंशी वर्षे ख्रिस्ताची सेवा केल्याचे सांगून त्याने नकार दिला आणि प्राण दिला. ज्या म्हातारपणाचा आधार घेऊन अधिकारी त्याला सुटकेची वाट दाखवीत होता, तेच त्याने साक्ष म्हणून पुढे केले.

रोममध्ये इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिनने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात जमलेले दान अध्यक्षाकडे ठेवले जाते आणि तो अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी वाहतो. उत्तर आफ्रिकेतील टर्टुलियन इ. स. १९७ च्या आसपास याहून नेमके लिहितो. महिन्यातून एकदा प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे टाकतो त्या पैशातून कोणाकोणाला मदत होते हे सांगताना तो गरिबांचे अन्न व दफन, आईबापांविना मुले-मुली यांच्या मागोमाग घरात अडकून पडलेल्या वृद्धांचा उल्लेख करतो. (त्या शब्दांचा अर्थ थकलेले घरगडी असा करणारेही अभ्यासक आहेत, तसे असले तरी मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळावतो.) घराबाहेर पडू न शकणारे म्हातारे ही स्वतंत्र नोंद ख्रिस्ती हिशेबात सुमारे अठराशे वर्षांपूर्वी होती. आपल्या धर्मग्रामाच्या वार्षिक अंदाजपत्रकात ती किती ठिकाणी सापडेल?

या काळातील एकच आकडा खात्रीने हाती येतो, आणि तो मोठा बोलका आहे. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस याने अंत्युखियाच्या फाबियसला लिहिलेले पत्र इतिहासकार युसेबियसने जतन करून ठेवले आहे. त्यात रोमच्या मंडळीची शिरगणती आहे : ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, भूतनिवारक, वाचक व द्वारपाल मिळून ५२, आणि विधवा व विपन्न माणसे पंधराशेहून अधिक. पत्राचा विषय वृद्धसेवा हा नव्हता. नोव्हेशियन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी वाद चालू होता, आणि खरी मंडळी कोणाची हे सांगण्यासाठी कॉर्नेलियसने हे आकडे दिले. धर्मगुरू किती हे सांगून तो थांबला नाही. एका बिशपाला मंडळीचे मोठेपण सिद्ध करावयाचे होते, आणि त्याने पदाधिकाऱ्यांच्याच ओळीत या पंधराशे माणसांना उभे केले. ती नुसती अदमासाने सांगितलेली गर्दी नसावी. रोजचे अन्न पुरवावयाचे तर नावे ठाऊक असावी लागतात.

मात्र हे चित्र फार उजळ रंगवू नये. त्याच तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथात वारा फिरलेला दिसतो. तेथे यादीची वयोमर्यादा पन्नासावर आली आहे, पण विधवांना घातलेले निर्बंध वाढले आहेत. त्यांनी घरी बसून दात्यांसाठी व सर्व मंडळीसाठी प्रार्थना करावी. कोणी धर्मतत्त्वांविषयी विचारले तर स्वतः उत्तर न देता त्याला अधिकाऱ्यांकडे पाठवावे. बिशप वा डीकन यांच्या आज्ञेवाचून आजाऱ्यावर हात ठेवू नयेत. घरोघर हिंडणाऱ्या विधवांवर तर ग्रंथकार विशेष रुष्ट आहे. वेदी एका जागी स्थिर असते, ती गावभर भटकत नाही, असे तो पॉलिकार्पचे रूपक उलटवून त्यांना सुनावतो. त्यांच्याविषयीच्या त्याच्या तक्रारी वाचताना हसू येते, कारण त्या ओळखीच्या वाटतात. दान कोणी दिले हे त्या सर्वांना सांगतात, एकमेकींचा हेवा करतात, फार बोलतात. अशी एखादी आजी कोणत्या धर्मग्रामात नाही? तक्रारींत काही तथ्य असेलही. परंतु ज्या कामांना येथे मनाई आहे, ती कामे या म्हाताऱ्या बायका तोपर्यंत करीत होत्या, हेही त्या मनाईवरूनच कळते. त्या आजाऱ्यांकडे जात, त्यांच्यासाठी उपास करीत, विचारणाऱ्याला श्रद्धेविषयी सांगत. ग्रंथकाराने ही सेवा शिस्तीत आणण्यासाठी डीकनिणींचे पद पुढे केले आणि विधवेच्या वाट्याला प्रार्थना व शिधा एवढेच ठेवले. व्यवस्था नीटनेटकी झाली, पण वृद्ध स्त्रीचे काम गेले. हा निर्णय आपल्यासारख्या पदाधिकाऱ्यांनी घेतला होता, हे नोंदविणे मला आवश्यक वाटते.

साठीच्या अटीचा प्रवासही मजेशीर आहे. इ. स. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसने प्रेषिताचा हवाला देऊन साठ वर्षांखालील स्त्रीला डीकनीण करू नये असा कायदा केला. इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने ही मर्यादा चाळीसवर आणली. काम वाढले तसे ते करावयास तरुण हात हवेसे वाटू लागले, असा याचा सरळ अर्थ दिसतो.

चौथ्या शतकात ख्रिस्तसभेला राजाश्रय मिळाला आणि इमारतींचे युग सुरू झाले. कैसरियाचा बिशप बासिल याने शहराबाहेर उभारलेल्या सेवागृहांच्या समूहाला त्याचा मित्र ग्रेगरी नाझियांझस याने नव्या नगरीची उपमा दिली. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या कायद्यांत अतिथिगृह, रुग्णालय, अनाथालय यांच्या जोडीला वृद्धगृह हा स्वतंत्र प्रकार नावानिशी येतो, आणि त्याच्या व्यवस्थापकाचे हक्क व कर्तव्ये ठरविलेली असतात. बाराव्या शतकात, इ. स. ११३६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या पांतोक्रातोर मठाची नियमावली झाली. त्या मठाला जोडून पन्नास खाटांचे रुग्णालय आणि चोवीस वृद्धांसाठी गृह होते. या म्हाताऱ्यांना वर्षाकाठी कोणता शिधा द्यावा, याचे नियम त्यात सविस्तर घालून दिले आहेत. या दयाकार्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. रस्त्यावर मरणाऱ्याला छप्पर मिळणे ही थोर गोष्ट आहे. परंतु चोवीस ही संख्याच पाहा. कॉर्नेलियसच्या यादीत पंधराशे नावे होती. साम्राज्याच्या राजधानीतील सम्राटाच्या मठाला चोवीस जागा परवडल्या. इमारतीला भिंती असतात, म्हणून तिच्यातील जागाही मोजक्या असतात.

त्या काळाच्या पाश्चात्त्य भागात एका माणसाने वृद्धांचा विचार अगदी वेगळ्या रीतीने केला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा सदतिसावा अध्याय म्हातारे आणि मुले यांच्याविषयी आहे. या दोन वयांविषयी माणसाच्या मनात सहजच दया असते, तरीही नियमाने त्यांची तरतूद केली पाहिजे, असे तो म्हणतो. म्हणून त्यांना ठरलेल्या वेळेआधी जेवण्याची मोकळीक दिली आहे. मला याहून मोलाचा वाटतो तो सहासष्टावा अध्याय. मठाच्या दरवाजावर एक शहाणा वृद्ध बसवावा, ज्याला निरोप घेता व देता येतो आणि जो वयामुळे इकडेतिकडे भटकत नाही, अशी आज्ञा तेथे आहे. दरवाजाशेजारी त्याची खोली असावी, आणि मदत लागली तर हाताखाली एखादा तरुण बंधू द्यावा. दिदास्कालियाने म्हाताऱ्या बायकांना बोलण्यावरून आणि हिंडण्यावरून घरी बसविले. बेनेडिक्टने म्हाताऱ्याचे बोलणे आणि न हिंडणे या दोहोंचा उपयोग ओळखून त्याला सर्वांत वर्दळीच्या जागी बसविले. आपल्या किती धर्मग्रामांच्या कार्यालयात आलेल्या माणसाशी प्रथम बोलणारी व्यक्ती सत्तरीची असते?

आपल्या प्रदेशात संघटित दयाकार्य आले ते पोर्तुगीजांबरोबर. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेल्या मिझेरिकोर्दिया या बंधुसंघाची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात सुरू झाली. दयेची चौदा कृत्ये हा तिचा पाया : भुकेल्यास अन्न देण्यापासून मृतास मूठमाती देण्यापर्यंत. वृद्ध हा वर्ग तिने वेगळा मानला नाही. दरिद्री, आजारी, विधवा या नावांखाली तो येत गेला. शिवाय ती वसाहतीच्या सत्तेची संस्था होती, आणि तिच्या सदस्यत्वातील उच्चनीचभावही इतिहासात नमूद आहे. इकडे मराठी मुलुखात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली, अंध, अनाथ यांच्याबरोबर वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीही वेगळे सदन होते, त्याचे नाव प्रीतिसदन. रमाबाईंचे कार्य प्रामुख्याने तरुण विधवांसाठी म्हणून आपण स्मरतो. परंतु आश्रयास आलेली स्त्री म्हातारी होणार, हे त्यांच्या योजनेत बसलेले होते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडलेली एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगावयास हवी. झान ज्यूगाँ ही ब्रिटनी प्रांतातील कांकाल गावची, १७९२ साली जन्मलेली मोलकरीण. १८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सॅं-सेर्वां येथे तिने एका अंध व अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला आपल्या बिऱ्हाडात आणले, स्वतःची खाट दिली आणि आपण पोटमाळ्यावर झोपू लागली. मग दुसरी वृद्धा आली, तिसरी आली. या म्हाताऱ्या पूर्वी भीक मागून जगत. झानने त्यांना, तुम्हांला कोणकोण देत असे ते सांगा, असे विचारले आणि त्यांच्या जागी टोपली घेऊन त्याच घरांच्या दारांत उभी राहिली. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. म्हाताऱ्या माणसाच्या ओळखीपाळखी तिने तोडल्या नाहीत. त्या हाती घेतल्या. दाराबाहेर उभी राहणारी बाई बदलली, पण शेजारधर्माचा धागा तसाच राहिला. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सत्कृत्याचे पारितोषिक दिले. त्याआधीच, १८४३ मध्ये, तिच्या सोबतिणींनी तिला पुन्हा प्रमुख निवडले असता संस्थेच्या धर्मगुरू मार्गदर्शकाने ती निवड रद्द करून एका तरुण भगिनीला नेमले होते. पुढे तिला मातृगृहात बसविण्यात आले. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती तेथे साधी भगिनी म्हणून राहिली, आणि शेजारी वावरणाऱ्या नवशिक्या भगिनींना हीच आपली संस्थापिका आहे हे ठाऊकही नव्हते. १८७९ मध्ये ती वारली तेव्हा संस्थेत सुमारे २४०० भगिनी होत्या. वृद्धांची सेवा करणारी जगातील एक अग्रगण्य संस्था, आणि तिच्याच छपराखाली एका वृद्धेचे नाव यादीतून पुसलेले! रोमने त्या धर्मगुरूला १८९० मध्ये पदावरून दूर केले. झानला संतपद मिळाले ते २००९ साली. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या तिच्या भगिनी १८८२ मध्ये कलकत्त्यास आल्या. सिकंदराबादेतही त्यांचे वृद्धगृह आहे, आणि हैदराबादकडील वाचकांनी ते अवश्य पाहावे.

विसाव्या शतकात ख्रिस्तसभेच्या उपासनाविधीने वृद्धांसाठी जे दार उघडले, त्याचा पुरता उपयोग आपण अजून केलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये अंत्याभ्यंग या नावाऐवजी आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हे नाव पसंत केले, आणि १९७२ च्या सुधारित विधीनुसार गंभीर आजार नसतानाही वार्धक्याने बरीच शक्ती गेलेल्या माणसाला हा संस्कार देता येतो. तरीही आपल्या गावांत तेल घेऊन धर्मगुरू दारात आले की घरचे लोक रडू लागतात. १९७३ पासून प्रापंचिकांनाही विशेष सेवक म्हणून घरोघर कम्युनियन नेता येते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. त्या दिवशी आपण म्हाताऱ्यांना गुलाबाचे फूल देतो, एक गीत म्हणतो, चहा पाजतो. फूल द्यावे, पण पुढच्या रविवारी त्यांतील कोण आले नाही हे कोणी पाहिले का, असाही प्रश्न विचारावा.

मग धर्मग्रामात योजना आखावयाची तर कोठून? माझे मत असे, की जागा पाहण्याआधी एक वही घ्यावी. स्नानसंस्काराच्या नोंदवहीवरून साठ ओलांडलेल्यांची नावे निघतात. जी माणसे बाहेरून येऊन स्थायिक झाली त्यांची नावे धर्मशिक्षक व शेजारसमूह यांच्याकडून मिळतात. नावापुढे पहिला प्रश्न कुटुंबाचा, कारण प्रेषिताचाही तोच पहिला प्रश्न होता. येथे आपल्याला थोडे धैर्य लागेल. मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांना द्यावयाचे ते देवाला अर्पण केले असे सांगून मोकळे होणाऱ्यांना प्रभूने जे सुनावले, ते आपल्या मंदिरातील संगमरवरी पाट्यांजवळ उभे राहून वाचावे. परदेशातील मुलगा सणाला मोठी रक्कम पाठवितो, त्याचे नाव पाटीवर कोरले जाते, आणि त्याची आई औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खाते, असे असेल तर ती देणगी घेणारा धर्मगुरू त्या व्यवहारात सामील आहे. २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांवर पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे आणि ज्येष्ठ नागरिकाचे वय त्यानेही साठच ठरविले आहे. पण न्यायाधिकरणाकडे पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणारी आई विरळा. मुलाला दूरध्वनी करणे हे धर्मगुरूचे काम आहे, आणि ते अवघड असले तरी त्याला इमारत लागत नाही.

वहीतील दुसरा प्रश्न कामाचा. पहिल्या शुक्रवारी घरोघरी कम्युनियन नेताना आपण जी पंधरा मिनिटे बसतो, त्यांत विचारून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे या महिन्यात विवाह होणाऱ्या जोडप्यांची नावे प्रार्थनेसाठी द्यावी, आणि त्या जोडप्यांनाही कोण प्रार्थना करीत आहे हे कळवून भेटीस पाठवावे. प्रथम कम्युनियनच्या मुलांना रोजरी शिकविण्यास ती स्वच्छ म्हणणारी आजी शोधावी. कार्यालयाच्या दरवाजावर बेनेडिक्टचा म्हातारा बसवावा. दिदास्कालियाच्या लेखकाला ज्यांची भीती वाटली त्या हिंडत्या-बोलत्या आज्यांना आजाऱ्यांच्या भेटीस पाठवावे. गावातील बातमी त्यांना आपल्या आधी कळते, हा गुणच मानावा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ओझानाम व त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेल्या विन्सेंट द पॉल संस्थेची शाखा जेथे आहे, तेथे घरभेटीची सवय तयारच आहे. तेथे नवी समिती नेमण्याची मुळीच गरज नाही.

तिसरा रकाना भाषेचा, आणि यरुशलेमच्या त्या तक्रारीकडे मी परत येतो तो येथे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद या ठिकाणी मिस्सा हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजीत होते. तेथील मराठी घरांतल्या ऐंशीच्या आजीने आपल्या प्रार्थना मराठीत पाठ केल्या, मराठीत अंगाई म्हटली, आणि आता पापनिवेदनही तिला त्याच भाषेत करावेसे वाटते. बेळगावकडे शाळेतून कन्नड व इंग्रजी शिकून आलेली नातवंडे आजीबरोबर मराठी किंवा कोंकणी प्रार्थना अडखळत म्हणतात. श्रद्धेचे शब्द घरात कसे टिकतात याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे : फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळेच १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्ढाणा यांना ते पुन्हा छापता आले. म्हातारी माणसे गेली की त्यांच्याबरोबर प्रार्थनांचे पाठही जातात, आणि मरणकाळी त्यांना स्वतःच्या भाषेत धीर देणारे कोणी नसेल तर दुर्लक्षाची ती जुनी तक्रार आपल्याविरुद्ध उभी राहते.

याला उपाय आहे आणि तो हाताशी आहे. धर्मसभेच्या कायद्यात पंचाहत्तरी गाठलेल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने पदाचा राजीनामा सादर करावा, अशी विनंती केलेली आहे. बेळगाव, पुणे, वसई व गोव्याकडे मराठी जाणणारे असे निवृत्त धर्मगुरू आहेत. त्यांचे गुडघे दुखत असतील, पण त्यांचे कान शाबूत आहेत. उपवासकाळातील एक आठवडा त्यांना इंदूर किंवा वडोदऱ्यास बोलावून घ्यावे, स्थानिक धर्मगुरूने वहीतील मराठी नावांची घरे दाखवावी, आणि प्रवासाचा खर्च धर्मप्रांतांनी वाटून घ्यावा. यासाठी बिशपांना लिहावयाच्या पत्राचा मसुदा आमच्या गुरुविद्यालयात तयार होत आहे. आपापल्या धर्मग्रामातील मराठी भाषिक वृद्धांची संख्या आणि त्यांतील घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची नावे धर्मशिक्षकांनी आगमनकाळापूर्वी कळवावी.